शेण गोठ्याजवळच वापरा, गाड्या भरून सीबीजी प्लांटला पाठवू नका (मतं हवीत)

माळरान_सातारा
हल्ली जिकडंतिकडं सीबीजीचं बोलणं चाललंय. सीबीजी म्हणजे तोच गोबरगॅस, साफ करून दाबून भरलेला, गाडीत सीएनजीसारखा चालतो. २०२५-२६ पासून शहरी गॅस कंपन्यांना १ टक्का सीबीजी घ्यायची सक्ती झालीये, २०२८-२९ पर्यंत ती ५ टक्क्यांवर जाणार, त्यामुळं आता शेणाला गिऱ्हाईक येणार हे नक्की. आमच्या भागातही प्लांटची चर्चा आहे आणि लोक शेण विकायच्या तयारीत आहेत. माझा याला विरोध आहे.

शेणात ८० टक्के पाणी असतं. एक टन शेणापासून साधारण ४० घनमीटर गॅस निघतो, शुद्ध केल्यावर हातात पडतो पंधरा-सोळा किलो. म्हणजे रोज ५ टन गॅस काढणारा प्लांट नुसत्या शेणावर चालवायचा तर ३०० टनांच्या आसपास शेण पाहिजे, जनावरं धरा पंचवीस-तीस हजार. एवढं शेण गोळा करायला डिझेलच्या गाड्या गावोगाव फिरणार आणि त्यातलं पाणीच इकडून तिकडं नेणार. त्यापेक्षा चार-पाच जनावरांवर २ घनमीटरचा गोबरगॅस होतो, रोज ५० किलो शेण लागतं, त्यातनं पाऊण किलोच्या वर एलपीजीएवढं इंधन मिळतं, म्हणजे सतरा-अठरा दिवसाला एक सिलिंडर वाचला. वर स्लरी, म्हणजे गॅस निघाल्यावर उरलेलं पातळ शेण, आपल्याच रानात.

डायजेस्टर_पुणे
हिशोब बरोबर आहे पण अर्धाच सांगितलाय. घरगुती गोबरगॅसचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८१-८२ पासून चाललाय, आज गावात एक फेरी मारा आणि बघा किती चालू आहेत. लोखंडी टाकीवाले गंजले, घुमटवाल्या दीनबंधूला तडे गेले की गॅस कुठनं जातोय तेच कळत नाही. आणि गोबरगॅसमधला जळणारा वायू म्हणजे मिथेन, तो न जळता हवेत गेला तर शंभर वर्षांच्या हिशोबानं कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट वाईट, त्यामुळं गळका गोबरगॅस नसलेला बरा. मोठ्या प्लांटला गळती मोजायची यंत्रं असतात, चोवीस तास माणूस असतो, हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे लोखंड गंजवणारा विषारी वायू, काढला जातो.

आणि नुसत्या शेणावर ५ टनाचा प्लांट कोण टाकतंय? आपल्याकडं साखर कारखान्याची प्रेसमड (उसाच्या रसातला गाळ) आहे, नेपियर गवत आहे, त्यात शेण मिसळायचं. गुजरातेत बनास डेअरी या दूध संघानं डीसाजवळ रोज ४० टन शेणावर छोटा प्लांट चालवून दाखवला, गोळा करायचं अंतर आवाक्यात ठेवलं की जमतं.

माळरान_सातारा
बनासचं उदाहरण मी मानतो, पण तिथं दूध गोळा करायची शिस्त आधीपासनं होती, गावागावात संघ होता, त्याच वाटेनं शेण गेलं. आपल्याकडं तसं कुठं आहे? सीबीजीसाठी केंद्राची ‘सतत’ योजना २०१८ ला आली तेव्हा २०२३ पर्यंत ५००० प्लांट म्हणत होते, त्याच्या जवळपासही कुणी पोचलं नाही. गोबरगॅस बंद पडले ते दुरुस्तीला माणूस नव्हता म्हणून. अनुदान बांधायला मिळालं, सांभाळायला मिळालं नाही.

रानजाई
सगळे पुरुष बोलताय म्हणून लिहिते. गोबरगॅस चालतो तो बाईच्या हातानं. सकाळी पाटीनं शेण न्यायचं, पाणी घालून कालवायचं, त्यातला काडीकचरा हातानं काढायचा, नाहीतर पाइप तुंबतो, थंडीत गॅस कमी आला तर पुन्हा चूल पेटवायची ती पण तिनंच. धूर जातो, भांडी काळी होत नाहीत, हे खरंय आणि त्याचं मोल मला कळतं. पण आता सगळीकडं मुक्त गोठे झालेत, जनावरं न बांधता मोकळी असतात, शेण मातीत तुडवलं जाऊन वाळतं, ते गोळा करून गोबरगॅसला घालायचं म्हणजे दुप्पट काम. दारात गाडी येऊन किलोला रुपया देत असेल तर मी देईन. हे कष्ट तुमच्या हिशोबात कुठंच दिसत नाहीत.

कोरडवाहू_जत
पाण्याचं कोणी बोलतच नाही. जेवढं शेण तेवढं पाणी, ५० किलोला ५० लिटर, रोज. एप्रिल-मे मध्ये आमच्याकडं प्यायला टँकर येतो तेव्हा गोबरगॅसला कुठनं आणू? शेणखत उकिरड्यात कुजवायचं आणि जूनच्या आधी रानात पसरायचं, त्याला थेंबभर पाणी लागत नाही. शेणातला कार्बन गॅसमध्ये जाळून टाकायचा आणि मग जमिनीचा सेंद्रिय कर्ब कमी झाला म्हणून रडायचं, हे मला पटत नाही.

माती_आणि_मूळ
कर्बाबद्दल थोडं. जिवाणू गॅससाठी खातात तो शेणातला लवकर कुजणारा भाग, तो उघड्या उकिरड्यातही काही महिन्यांत हवेतच जातो. चिवट, काडीचा भाग स्लरीत उरतो आणि जमिनीत टिकतो तो मुख्यतः तोच. नत्र, स्फुरद, पालाश तर जवळजवळ सगळं स्लरीतनं परत येतं. उलट उकिरडा उन्हात उघडा पडला की नत्र अमोनिया होऊन उडतं, पावसात उरलेलं वाहून जातं. पण हेच स्लरीलाही लागू आहे, बरेच जण ती खड्ड्यात उन्हात वाळवतात आणि सगळ्यात लवकर लागू होणारं नत्र घालवून बसतात. ओलीच पाटानं सोडा, नाहीतर उसाच्या पाचटावर ओता. आणि ते पाणी वाया जात नाही, पिकालाच जातं.

कोरडवाहू_जत
उसाला जाईल. माझी बाजरी आहे दोन डोंगर पलीकडं, तिथं पातळ स्लरी बैलगाडीनं नेऊ का?

डायजेस्टर_पुणे
म्हणून म्हणतो जागेप्रमाणे बघा. पोल्ट्रीची विष्ठा, गोशाळा, शंभर-दोनशे गाईंचे गोठे, जिथं शेण एका जागी पडतं तिथं मोठा प्लांट बरोबर आहे. कोंबडीच्या विष्ठेत नत्र इतकं असतं की एकटी घातली तर अमोनियानं जिवाणूच मंदावतात, तिला मिसळ लागते आणि ते घरगुती माणसाचं काम नाही.

माळरान_सातारा
पोल्ट्रीचं मान्य. चार गाईवाल्याचं मान्य नाही. गुजरातेत आणंदजवळ झकरियापुरात घराघरात छोटे गोबरगॅस बसवले, गॅस चुलीला, जास्तीची स्लरी बायकांची सहकारी संस्था विकत घेते आणि त्याचं खत होतं. शेण गावातच राहिलं, पैसाही आला. कोल्हापूर-सांगलीत दूध संघांची एवढी ताकद आहे, हे करायला काय हरकत आहे?

आणि ज्यांना प्लांटलाच द्यायचंय त्यांनी निदान करारात लिहून घ्या, टनामागं किती स्लरी परत, ओली की वाळलेली, आणि गाडीभाडं कुणी द्यायचं. सेंद्रिय खत विकायला सरकारनं २०२३ ला प्लांटला टनाला १५०० रुपये मदत मंजूर केली, मग आपल्याच शेणाचं खत आपल्याला पोत्यातनं विकत घ्यायची पाळी येऊ नये. ग्रामसभेत मी हेच मांडणार आहे.

रानजाई
मांडा, मी पण येते. त्यात आणखी एक घाला, शेणाचे पैसे शेण काढणारीच्या खात्यावर. झकरियापुराचं तुम्हीच सांगितलंत, तिथं संस्था बायकांच्या नावावर आहे म्हणून टिकली असं माझं मत आहे. दुधाचे पैसे कुणाच्या खात्यावर जातात ते बघा एकदा गावात.