'स्वतंत्र मजूर पक्ष' : स्वतंत्र कोणापासून?

प्रश्न : ब्रिटनमध्ये 'स्वतंत्र मजूर पक्ष' १८९३ मध्ये निघाला आणि 'मजूर पक्ष' १९०० मध्ये. मग आधी जन्मलेला पक्ष नंतरच्यापासून 'स्वतंत्र' कसा? शिवाय इंग्रजी 'लेबर'साठी कुणी 'मजूर' लिहितो, कुणी 'कामगार', कुणी 'श्रमिक'. बरोबर काय?

उत्तर : पक्षाच्या नावाआधी 'स्वतंत्र' दिसलं की आपण फुटून निघालेला गट समजतो, घोळ तिथेच होतो. हे स्वातंत्र्य लिबरल पक्षापासूनचं. १८६७ आणि १८८४ च्या कायद्यांनी बऱ्याच कामगार पुरुषांना मताचा हक्क मिळाला, पण उमेदवार ठरवायच्या लिबरल समित्या कारखानदार-वकिलांच्या मुठीत. १८७४ मध्ये अलेक्झांडर मॅकडोनाल्ड आणि थॉमस बर्ट हे खाणकामगार पुढारी संसदेत गेले, तेही लिबरलांच्या पाठिंब्यावर. अशांना 'लिब-लॅब', म्हणजे 'लिबरल-लेबर', म्हणत. ब्रॅडफर्डच्या मॅनिंगहॅम गिरणीत पगारकपातीविरुद्धचा संप १८९१ मध्ये फसला. शहरातले लिबरल पुढारी संपकऱ्यांच्या पाठीशी उभे राहिले नव्हते. १८९३ च्या जानेवारीत नवा पक्ष याच शहरात स्थापन झाला, यातच त्या 'स्वतंत्र'चा अर्थ आला. आपल्याकडे १९३६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी काढलेल्या पक्षाचं नावही हेच, पण त्याची पार्श्वभूमी वेगळी; दोन्ही एका माळेत ओवू नयेत.

पुरवणी : '१९०० मध्ये मजूर पक्ष' हेही ढोबळच. २७ फेब्रुवारी १९०० रोजी लंडनच्या फॅरिंग्डन स्ट्रीटवरच्या मेमोरियल हॉलमध्ये १२९ प्रतिनिधी जमले आणि स्थापना झाली ती 'मजूर प्रतिनिधित्व समिती'ची. नावात 'पक्ष' नाही, आणि ते मुद्दाम. कामगार संघटनांच्या पैशाशिवाय काही चालणार नव्हतं, आणि त्यांतल्या कित्येकांना समाजवादाचं वावडं होतं. वर्गयुद्धाची भाषा असलेला ठराव बारगळला. स्वतंत्र मजूर पक्षाचे पुढारी केर हार्डी यांनी सुचवलेला मधला मार्ग टिकला : संसदेत मजुरांचा वेगळा गट, आणि त्याचे स्वतःचे प्रतोद. माझ्या मते सगळ्या ठरावात 'प्रतोद' हाच खरा वजनदार शब्द. प्रतोद आपला, तर मत कसं द्यायचं हे लिबरल सांगणार नाहीत.

त्या वर्षी निवडून आले फक्त दोघे, हार्डी आणि रेल्वेकामगारांचे पुढारी रिचर्ड बेल. मग समिती वाढली कशी? कोर्टामुळे! साउथ वेल्समधल्या टॅफ व्हेल रेल्वेच्या संपाबद्दल लॉर्ड्स सभेने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, १९०१ मध्ये रेल्वेकामगारांच्या संघटनेलाच नुकसानभरपाईला जबाबदार धरलं. तो आकडा २३,००० पौंडांवर गेला. संप केला की तिजोरी रिकामी. आजवर लांब राहिलेल्या संघटना भराभर जोडल्या गेल्या. १९०६ मध्ये २९ खासदार आले आणि तेव्हा कुठे समितीने 'मजूर पक्ष' हे नाव घेतलं.

प्रश्न : म्हणजे हे संघटित, वर्गणी भरणारे लोक. मग 'मजूर' कसं चालेल? मजूर म्हणजे रोजंदारीवरचा.

उत्तर : आज तसंच. पण 'मजूर'च्या मुळाशी फारसी 'मुज्द', म्हणजे वेतन. वेतनावर राबणारा तो मजूर. उलट 'कामगार' जुन्या मराठीत अंमलदार होता; 'कामगार पाटील' म्हणजे प्रत्यक्ष पाटीलकीचा कारभार पाहणारा. कारखान्यातल्या माणसाला हा शब्द नंतर चिकटला. आणि 'मजूर पक्ष' टिकायला दुसरंही कारण आहे. आपल्या वर्तमानपत्रांनी काँझर्व्हेटिव्हांना 'हुजूर पक्ष' म्हटलं आणि जोडी जमली. हुजूर-मजूर! एका यमकात अख्खं वर्गीय राजकारण. हे मोडून 'श्रमिक पक्ष' करण्यात मला काही हशील दिसत नाही. विशेषनाम 'मजूर पक्ष'च ठेवावं. माणसांबद्दल लिहिताना खाणकामगार, विणकर, रेल्वेकामगार असं नेमकं लिहावं.

पुरवणी : भाषांतर करणाऱ्यांसाठी एक. मजूर पक्षाच्या १९१८ च्या घटनेआधीच्या (म्हणजे पक्षाच्या लेखी नियमावलीआधीच्या) काळाबद्दल 'पक्षाचे सभासद' लिहिताना जपून. तोवर व्यक्तीला थेट पक्षात शिरताच येत नसे. आपली संघटना किंवा स्वतंत्र मजूर पक्षासारखी संस्था जोडलेली असावी लागे. तिथे 'संलग्न संघटनांचे सभासद' हेच बरोबर. १९१८ च्या घटनेने वैयक्तिक सभासदत्व दिलं आणि 'हाताने किंवा बुद्धीने राबणारे' असा शब्दप्रयोगही केला, म्हणजे शिक्षक नि कारकूनही त्यात आले.