रजा संपतेय: ऑफिसात दूध किती वेळा काढायचं आणि लोकलमधून घरी कसं आणायचं?

कल्याण_स्लो
रजा संपायला तीन आठवडे उरलेत. तेव्हा बाळ साडेपाच महिन्यांचं असेल. सध्या फक्त अंगावरचं. घर कल्याणला, ऑफिस बीकेसीत; सकाळी पावणेआठला निघून संध्याकाळी पावणेआठला परत, म्हणजे बारा तास धरायचे. घरी सासूबाई बघणार. पंप इलेक्ट्रिक, डबल, सोबत २४ मिमीची फनेल (स्तनावर बसवायची कीप) आलीत. पाजल्यावर तासाभराने लावून पाहिला तर वीस मिनिटांत दोन्हीकडचं मिळून ४० मिली आलं, आणि डावीकडे चुरचुरतं. दिवसाला किती दूध ठेवायचं? ऑफिसात किती वेळा काढायचं? पँट्रीत फ्रिज आहे, पण सगळ्यांचा. मे महिन्यात लोकलमधून दूध टिकतं का? सगळ्या म्हणतात फ्रीझर भरून ठेव. तो भरतच नाहीये.

दुधावरची_साय
४० मिली अजिबात कमी नाही गं. बाळ तासाभरापूर्वी पिऊन झालंय, त्यानंतरचं हे वरकड. तीन तासांनी लावशील तेव्हा ६० ते १२० च्या मधे कुठेतरी येईल. सकाळी जास्त, दुपार कलली की कमी, हेही सगळ्यांचं तसंच.

हिशोब तासावर कर. सहा महिन्यांपर्यंतचं, फक्त आईच्या दुधावरचं बाळ दिवसाला साधारण ७५० मिली पितं, आणि पहिल्या महिन्यानंतर हा आकडा फारसा हलत नाही. तू नसशील त्या दर तासाला ३० ते ४० मिली धर. बारा तासांचे झाले ३६० ते ४८०. निघताना पाजलंस आणि आल्या आल्या पाजलंस, तर मधे १००-१०० चार वेळा पुरतं. पावडरच्या डब्यावरचा तक्ता बघून १८० च्या बाटल्या भरू नकोस, तो हिशोब वेगळा.

फ्रीझर भरायचं खूळ डोक्यातून काढ. सोमवारी काढलेलं मंगळवारी जातं, मंगळवारचं बुधवारी. पहिल्या दिवसाचं आणि वर एका दिवसाचं, म्हणजे ८००-९०० मिली गाठीशी असलं की झालं. रोज पहाटेच्या पाजण्यानंतर एकदाच काढ. ४०-४५ मिळालं तरी तीन आठवड्यांत तेवढं जमतं.

ऑफिसात साडेदहा, दीड, साडेचार. मीटिंगमुळे अर्धा तास इकडेतिकडे झालं तर चालेल, पण वेळ गाळायची नाही. दूध साठून राहिलं की शरीर समजतं एवढं लागत नाही, आणि बनवणं कमी करतं. आळिवाची खीर खुशाल खा, पण चुकलेली वेळ ती भरून काढत नाही.

आता मे महिना. 'बाहेर चार तास टिकतं' हे २५ अंशांपर्यंतचं आहे. मुंबईत एसीबाहेर ते धरूच नकोस. काढलं की लगेच गार जागी. फ्रिजात ४ अंशांना चार दिवस, पण दारातल्या कप्प्यात नाही, आत मागे. आइस पॅक रात्री घरच्या फ्रीझरमध्ये, पोचल्यावर ऑफिसच्या, निघताना पिशवीत. पॅक दगडासारखे गोठलेले आणि बाटल्यांना टेकलेले असले की इन्सुलेटेड पिशवीत २४ तास निघतात. कल्याणपर्यंतच्या प्रवासाचं काही नाही. मधे चेन उघडून बघत बसू नकोस. पँट्रीत बाटल्या सुट्या ठेवायच्या नाहीत. अपारदर्शक झाकणाचा डबा, वर नाव. कुणाच्या चहात जायला नको.

पान्हा_आणि_पाना
चुरचुरण्याला बहुतेक फनेलच कारण. २४ चं बॉक्समध्ये येतं म्हणून ते सगळ्यांना होत नाही, बऱ्याच जणींना त्याहून लहान लागतं. पंप लावायच्या आधी साध्या पट्टीने स्तनाग्राची रुंदी मुळाशी मोज, भोवतालचा काळा भाग सोडून. १७ भरली तर फनेल १७ ते २० मधलं. दोन्ही बाजू वेगळ्या निघू शकतात, मोजून बघ. मग पंप चालू असताना नजर ठेव: काळा भागही आत खेचला जातोय तर फनेल मोठं, स्तनाग्र भिंतीला घासून पांढरं पडतंय तर लहान. नवीन फनेलवर पैसे घालण्याआधी २४ च्या आत बसणारा सिलिकॉनचा इन्सर्ट घे.

सुरुवात भरभर-हलक्या मोडवर, पान्हा फुटेपर्यंत, साधारण दोन मिनिटं. धार लागली की सावकाश-खोल मोड. ताकद एकेक पायरी वाढव आणि टोचायला लागलं की एक पायरी मागे ये. जास्त ओढलं की जास्त येतं असं मुळीच नाही. दुखलं की पान्हा अडतो. धार आटली की पुन्हा दोन मिनिटं पहिला मोड लाव, बऱ्याचदा दुसरा पान्हा येतो. सगळं मिळून १५-२० मिनिटं.

महिना-दीड महिन्याने ओढ कमी वाटेल. तेव्हा मोटरच्या नावाने बोटं मोडण्याआधी डकबिल व्हॉल्व्ह बघ, बदकाच्या चोचीसारखा तो सिलिकॉनचा तुकडा. उजेडासमोर धर, चोच मिटलेली नसेल, फट दिसत असेल, तर तो गेला. रोज तीन वेळा वापरलास तर एक-दोन महिन्यांत बदलावाच लागतो. चोचीत ब्रश घातला की आणखी लवकर फाटतो, बोटांनीच धुवायचा. एक जोडी पर्समध्ये असू दे. नळीत पाण्याचे थेंब दिसले तर नळी बाटलीकडून सोडवून पंप दोन-तीन मिनिटं नुसता चालव.

सुटे भाग ऑफिसच्या सिंकमध्ये टाकायचे नाहीत, स्वतःचं लहान घमेलं ने. आधी गार पाण्याने दूध धुऊन काढायचं, मग गरम पाणी आणि साबण, मग हवेत वाळवायचं. कपड्याने पुसायचं नाही. तीनदा धुणं जमणार नसेल तर सरळ दुसरा सेट घे.

बोंडलं
बाटलीच हवी असं नाही. या वयाचं बाळ वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने (चोचीच्या लहान भांड्याने) छान पितं, शिवाय धुवायला सोपं. बाटली देणार असाल तर सर्वात कमी धारेचं निपल, बाळ जवळपास बसतं, बाटली आडवी. १०० मिलीला पंधरा-वीस मिनिटं लागू द्या. पाच मिनिटांत संपलं आणि बाळ रडलं की घरात लगेच 'दूध पुरत नाही'चा ठराव पास होतो.

सासूबाईंना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा: हे दूध गॅसवर ठेवायचं नाही. त्यांच्या हाताला गाईच्या दुधाची सवय, पातेलं दिसलं की उकळी आणणार. कोमट पाण्याच्या भांड्यात बाटली उभी करायची, थेंब मनगटावर टाकून बघायचा, बस. मायक्रोवेव्हही नको, मधे चटका बसण्याइतकं गरम राहतं. वर साय, खाली निळसर पाणी दिसलं तर नासलं नाही. हलकेच गोल फिरवलं की मिसळतं. गोठवलेलं आदल्या रात्री खालच्या कप्प्यात काढायचं, पूर्ण वितळल्यापासून २४ तासांत संपवायचं, परत गोठवायचं नाही. उष्टं राहिलेलं दोन तासांच्या पुढे नको. ते ओतताना जीव तुटतो, म्हणून ६०-६० च्याच पिशव्या करा.

कल्याण_स्लो
मोजलं, डावीकडे १६, उजवीकडे १८. इन्सर्ट मागवलेत. आता नवीनच: मागच्या आठवड्यात गोठवलेलं काल वितळवलं तर साबणासारखा वास, बाळाने तोंड फिरवलं. भाग धुताना साबण राहिला असेल का?

पान्हा_आणि_पाना
साबण नव्हे, बहुतेक लायपेज. दुधातलं हे एन्झाइम थंडीतही चरबी फोडत राहतं. दूध सुरक्षित असतं, फक्त चव बदलते. ताजं ३०-४० मिली फ्रिजात ठेव आणि दर सहा तासांनी हुंगून बघ. २४ तास ठीक राहिलं तर रोजचं आजचं-उद्या त्यात आरामात बसतं. गोठवायच्या दुधापुरता मात्र वरच्या नियमाला अपवाद करावा लागेल: ताजं असतानाच पातेल्यात, कडेला बारीक बुडबुडे येईपर्यंत, साधारण ८२ अंश, उकळी नाही. लगेच पातेलं बर्फाच्या पाण्यात. तापवल्याने दुधातले काही गुण जातात, म्हणून उगाच सगळं तापवू नकोस. आणि एकदा वास आला की मग तापवून उपयोग नाही. आधीचा साठा ताज्यात निम्मा मिसळून देऊन बघ. आंबट वास असेल तर मात्र टाकायचं.

रजेचा_अर्ज
जागेचं कुणी बोललं नाही. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या मधल्या सुट्टीव्यतिरिक्त पाजण्यासाठी दिवसाला दोन ब्रेक होते. नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यातही ते आहेत. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघर आणि तिथे दिवसातून चार फेऱ्या. पण शब्द 'पाजण्यासाठी' आहे. कडी लागणारी खोली आणि प्लग पॉइंट तुम्हालाच मागून घ्यावा लागतो. रुजू होण्याआधी एचआरला मेल टाका, तिन्ही वेळा लिहून, आणि कॅलेंडरवर त्या ब्लॉक करा. तोंडी 'हो हो बघू' म्हणतात ते बघतच राहतात.

दुधावरची_साय
एक राहिलं. जूनमध्ये गाडी कुर्ला-शीवच्या मधे तासन् तास उभी राहते, तेव्हा पंपही नाही आणि आडोसाही नाही. हाताने काढता आलं पाहिजे, घरीच शिकून ठेव. अंगठा वर, तर्जनी खाली, स्तनाग्रापासून दोन-तीन सेंटीमीटर मागे. आधी छातीकडे दाब, मग बोटं एकमेकांकडे, मग सोड. बोटं कातडीवर घसरवायची नाहीत. दडस लागेपर्यंत भरलं असेल तर ताण जाईल इतकंच काढ. गाठ लागली तर जोरात चोळू नकोस आणि ती जाईपर्यंत पंप लावून बसू नकोस, दोन्हींनी सूज वाढते. पाजणं नेहमीसारखं, वरून गार पट्टी. ताप चढला किंवा लाली आणि दुखणं २४ तासांत उतरलं नाही तर डॉक्टरांकडे जा. तेव्हाही पाजणं बंद करायचं नसतं.