उन्हाळ्यात स्पिरुलिना पिवळट पडते, प्रथिनंही घटतात. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. सोलापूरकडे सिमेंटच्या उथळ टाक्यांत स्पिरुलिना (खाण्यासाठी वाढवतात ते निळसर हिरवं शेवाळ) घेतो. थंडीतला माल कमी निघतो, पण गर्द निळसर हिरवा. एप्रिल-मेमध्ये वाढ झकास, रंग मात्र पिवळट, आणि तपासणीत प्रथिनं एरवीच्या 60 टक्क्यांपेक्षा बरीच खाली. वजन भरतं, कस भरत नाही.

वाचनातून दोन कारणं सापडली. प्रखर उजेडात शेवाळ निळं रंगद्रव्य, म्हणजे फायकोसायनिन, कमी बनवतं. दुसरं, पाण्यातलं नायट्रेट (नत्र पुरवणारं खत) संपलं की ते आधी हेच रंगद्रव्य मोडून त्यातला नत्र वापरतं आणि प्रथिनांऐवजी कर्बोदकं साठवतं. उन्हाळ्यात वाढ जोरात असल्याने नायट्रेटही लवकर संपत असणार. अडचण अशी की दोन्हींत टाकी सारखीच पिवळी दिसते! ओळखायचं कसं? एका टाकीत फक्त सोडियम नायट्रेट वाढवायचं आणि दुसरीवर फक्त शेडनेट टाकायचं, एवढी चाचणी पुरेशी होईल का? शेडनेट 50 टक्क्यांचं घ्यावं की हलकं? दुपारी पाणी 38 अंशांवर जातं, तेही सावलीने उतरेल असं वाटतं.

युरिया स्वस्त आहे हे माहीत आहे, पण सामू (pH) 10 च्या आसपास असताना त्यातून सुटणारा अमोनिया कल्चर (टाकीतली जिवंत स्पिरुलिना) मारू शकतो, त्यामुळे तो सल्ला नको. कडक उन्हात वाळवल्यानेही निळा रंग जातो, पण इथे तो टाकीतच उतरतोय.

नायट्रेट टाकीवरच मोजायला साध्या पट्ट्या कुणी वापरता का? इतक्या खारट, अल्कधर्मी पाण्यात त्यांचं माप खरं येतं का?