माग बंद असताना स्वस्त कर्ज कुणाला हवंय?

वर एकांनी लिहिलंय की मंदीत सरकारने हात सैल सोडला की महागाई भडकणारच, त्यापेक्षा व्याजदर उतरवावेत. मला हे पटत नाही. मे 2020 मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो व्याजदर, 4 टक्क्यांवर आला. तेव्हा सोलापुरात आमच्या शेजारच्या कारखान्यात आठांपैकी सहा यंत्रमाग बंद होते, टॉवेलचे गठ्ठे छताला टेकले होते. मालक म्हणायचे, "गिऱ्हाईकच नाही, कर्ज काढून करू काय?" माग रिकामे असताना मागणी आली तर आधी माग सुरू होतात, भाव नंतर चढतात. त्याच वर्षी केंद्राने मनरेगाच्या, म्हणजे ग्रामीण रोजगार हमीच्या, 61,500 कोटींत 40,000 कोटींची भर घातली. मजुराच्या हातात पडलेला पैसा आठवड्याच्या आत किराणा दुकानात पोचतो. आमच्या आजीने 1972 च्या दुष्काळात खडी फोडली, त्या मजुरीवरच घरची चूल पेटत होती.

महागाईची भीती खोटी नाही. 2022 मध्ये ती 6 टक्क्यांच्या वर गेली आणि फेब्रुवारी 2023 पर्यंत रेपो 6.5 टक्के झाला. पण त्यात युक्रेन युद्धाने महागलेल्या इंधनाचा आणि खाद्यतेलाचा मोठा वाटा होता. तो दोष रोजगार हमीच्या माथी मारू नका.