बेंडला मींड म्हणायचं का? गिटार शिकवताना कोणते शब्द वापरावेत

सहातारी (धागाकर्ता)

गेली अकरा वर्षं मी घरी गिटार शिकवतो. येणारी निम्मी मुलं पेटीवर सरगम घोटून आलेली असतात. मागच्या महिन्यात एका मुलीला बेंड काही केल्या जमेना. तिसरी तार, सातवा फ्रेट (मानेवरची धातूची आडवी पट्टी). तिथे डी वाजतो, तार ढकलून तो ईपर्यंत न्यायचा. ‘फुल स्टेप’ (दोन फ्रेटांएवढं) असं तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा स्वर मध्येच लटकला. मग म्हटलं, "सी म्हणजे सा धर. आता तू रे वर आहेस. रे वरून ग ची मींड आधी गा." मींड म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जाणं. तिनं गायली, मग तार ढकलली, आणि स्वर जागेवर बसला.

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय. फ्रेट, नट (मानेच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी), ब्रिज, पिकअप ही भागांची नावं आहेत तशी राहू द्या, दुकानात तीच लागतात. पण हातानं जे करायचं त्याला आपल्याकडे नेमके शब्द आहेत, ते आधी शिकवावेत. बेंड ती मींड. स्लाइड (दाबलेलं बोट तारेवरून सरकवणं) ती घसीट. पुल-ऑफ म्हणजे सतारीतलं कृंतन: वरच्या स्वरावरचं बोट उचलतानाच तार ओढून खालचा स्वर काढायचा, उजव्या हातानं पुन्हा छेडायचं नाही. आणि डाउनस्ट्रोक-अपस्ट्रोकला (खाली-वर छेडण्याला) सतारीसारखं दा-रा म्हणावं.

मागच्या_रांगेतला

मी ऑर्केस्ट्रात वाजवतो आणि मला हे अजिबात पटलेलं नाही. गायक ऐनवेळी म्हणतो "काळी एक", म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी हा सा. मी पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा) लावतो आणि सी कॉर्डच्याच बोटांच्या ठेवणीत, म्हणजे शेपमध्ये वाजवतो. "काळी दोन" म्हणाला तर कॅपो तिसऱ्यावर, शेप तेच. म्हणजे पेटीची भाषा ऐकून गिटारच्या भाषेत आणायचं काम आम्ही रोज करतोच. त्यात बेसवाल्याशी, कीबोर्डवाल्याशी बोलताना तिसरी भाषा कशाला? तुमची विद्यार्थिनी उद्या टॅब (तार आणि फ्रेटचे आकडे दाखवणारं गिटारचं लेखन) उघडेल तेव्हा तिथे बेंडच लिहिलेलं असेल. पाम म्यूटला (तळव्यानं तारा दाबून आवाज बसका करणं) काय शब्द देणार? बार कॉर्डला (एका बोटानं अनेक तारा दाबून वाजवायचा स्वरसमूह)? आपल्या संगीतात कॉर्डच नाही, तर शब्द कुठून येणार?

सहातारी

पाम म्यूट आणि बार कॉर्ड तसेच राहतील. नसलेला शब्द पाडायचा माझा आग्रह नाही. जिथे कानाला आधीच ओळख आहे तिथलंच बोलतोय. टॅबमधला शब्द मुलांना आठवड्याभरात कळतो. स्वर चुकीच्या जागी थांबायची सवय मात्र वर्षभर सुटत नाही.

तंबोऱ्याजवळ

मुद्दा शब्दांपुरता नाही, सहातारी. मींड म्हटलं की ती मुलगी तंबोऱ्याच्या गंधाराकडे, म्हणजे ग कडे जाणार. खर्जाच्या तारेतून ऐकू येणारा तो गंधार कंपनसंख्येत षड्जाच्या (सा च्या) ५/४ पट असतो. गिटारचे फ्रेट समान बारा भागांनी बसवलेले, त्यामुळे तिथला ई त्याहून सुमारे १४ सेंट चढा. (एक सेंट म्हणजे लगतच्या दोन फ्रेटांमधल्या अंतराचा शंभरावा भाग.) मागे कोणी सी कॉर्ड वाजवत असेल तर तिची सुरेख मींडही उतरलेली वाटेल. मी दोन्ही शिकलो आहे आणि या फरकानं मला खूप छळलंय. मींड ही वाट आहे, तिथे मधला प्रत्येक स्वर मोलाचा. रॉकमधला बेंड बहुतेक वेळा मुक्कामावर पोचण्यासाठी असतो. एकच नाव दिलंत तर हा भेद पुसला जाईल.

निळा_स्वर

रॉकपुरतं ठीक. पण ब्लूज ऐका. कोमल ग वर बोट ठेवून तार जेमतेम पाव स्वर ढकलतात, आणि कोमल-शुद्धाच्या मधली ती जागा पियानोच्या कुठल्याच पट्टीवर नाही. फ्रेट जिथे अडवतो तिथून सुटायला गिटारवाल्याकडे बेंड हा एक मार्ग आहे. १९६० च्या दशकात ब्रिजभूषण काब्रांनी गिटार आडवी ठेवून, तारांवर धातू सरकवून आख्खे राग मांडले, ते फ्रेटांना बगल देऊनच. मला तर मींड हाच शब्द जास्त खरा वाटतो.

घोडी_जवारी

आमचं घर मिरजेचं, तंतुवाद्यांच्या कामातलं. भागांच्या नावांबद्दल बोलतो. लोक सहज म्हणतात, ब्रिज म्हणजे घोडी, फ्रेट म्हणजे पडदा. सतारीचा पडदा दोऱ्यानं बांधलेला असतो, रागाप्रमाणे सरकवता येतो. गिटारचा फ्रेट लाकडात ठोकलेला. तारेची लांबी ६४८ मिलिमीटर असेल तर पहिला नटपासून ३६.४ वर आणि बारावा बरोबर ३२४ वर, त्यात पुढेमागे होत नाही. घोडीचंही तेच. सतारीची घोडी रुंद आणि किंचित उताराची, तार तिला निसटती घासते त्यातून जवारी, म्हणजे गुंजणारा नाद येतो, ती काढायला कारागिराचे तासन् तास जातात. गिटारवर तार अशी घासली तर तो दोष, त्याला बझ म्हणतात आणि दुरुस्तीला आणतात. एकाचा गुण तो दुसऱ्याचा बिघाड. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. या शब्दांनाही तसंच जपावं असं मला मनापासून वाटतं.

सहातारी

पूर्ण मान्य. म्हणूनच भागांना हात लावायचा नाही म्हणालो.

नखीवाली

मग दा-रा ला तरी का लावता? सतारीत दा म्हणजे नखी तारेवरून आत, वरच्या दिशेनं येते. सरोदमध्ये दा खाली जाणारा. म्हणजे गिटारच्या डाउनस्ट्रोकला दा म्हटलंत की सतार शिकलेलं मूल नेमकं उलटा हात मारेल. माझं झालंय तसं, दोन महिने गेले ते सुधारण्यात. कृंतनाबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे.

सहातारी

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. दा-रा मागे घेतो. तंबोऱ्याजवळ, तुमच्या १४ सेंटांवरही विचार केला. आता मींड गायला लावण्याआधी दुसऱ्या तारेचा पाचवा फ्रेट वाजवून घेतो, तोच ई आहे. मुलीनं त्या गिटारच्या ग ला ऐकून मींड घ्यायची, तंबोरा मध्ये आणायचा नाही. काल करून पाहिलं, चारपैकी तीन वेळा जुळली. शब्द मात्र मी मींडच वापरणार.

मागच्या_रांगेतला

वापरा, पण टॅबमधला बेंडही त्याच दिवशी दाखवा. ती माझ्या शेजारी उभी राहून वाजवायला लागेल तेव्हा "इथे फुल बेंड" एवढंच ओरडायला मला वेळ असेल.