मदत हवी आहे: पाच वर्षांची घोडी, पहिलाच मोठा शो, आणि गर्दीत बुजते

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरचा, वडणग्याच्या बाजूला आमचं घर आणि थोडी शेती आहे. घोड्यातली जाणती माणसं इथं बरीच दिसतात म्हणून पहिल्यांदाच लिहितोय. जरा लांबलंय, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला तरी सल्ला कसा देता येणार.

आमच्याकडं चांदणी म्हणून घोडी आहे. कुमैत म्हणजे तांबूस रंग, चारी पाय पांढरे, कपाळापासून नाकापर्यंत पांढरा पट्टा, म्हणजे पंचकल्याणी. मारवाडी रक्त आहे, कान टवकारले की टोकं आत वळून एकमेकाला टेकायला येतात. तीन वर्षांची असताना आणली. माझी मुलगी पंधराची, चार वर्षं झाली रायडिंग शिकतेय, आणि चांदणीला खोगिराची सवय लावण्यापासून सगळं तिनंच केलंय, तिच्या सरांच्या नजरेखाली. घरी ही घोडी म्हणजे नुसती गाय. आई तिला सकाळची शिळी भाकरी हातानं भरवते. उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत, टेपवर फुल्ल आवाजात गाणी लावून शेजारनं गेला तरी ही मान वर करत नाही, कारण सीझनमध्ये रात्रंदिवस तेच बघत मोठी झालीय.

म्हणून आम्हाला वाटलं होतं की हिला आवाजाची भीतीच नाही. तिथंच चुकलं.

जानेवारीत पुण्याला एक शो आहे, पोरीनं दोन क्लासना, म्हणजे स्पर्धेच्या गटांना, नाव दिलंय, एक सुरुवातीची ड्रेसाज टेस्ट (घोड्याच्या ठरलेल्या चालींची परीक्षा) २० बाय ४० मीटरच्या मैदानात आणि दुसरं ६० सेंटीमीटरचं जम्पिंग. दोन्ही ती घरच्या रानात डोळे झाकून करते. पण रान वेगळं आणि तिथं शंभरभर घोडी, तंबू, झेंडे, माइक, पळणारी पोरं, ते वेगळं. म्हणून सवय व्हावी या हिशोबानं मागच्या महिन्यात पन्हाळ्याच्या वाटेवर एका ओळखीच्यांच्या शेतावर छोटा कार्यक्रम होता तिथं तिला नेलं. दहाबारा घोडी, शे-दीडशे माणसं. उतरली छान. मी तिला टेम्पोच्या लोखंडी कडीला बांधलं आणि बादली आणायला वळलो, तेवढ्यात माइकवाल्यानं चेक करायला माइक चालू केला आणि स्पीकर कर्कश किंचाळला. तिनं मान झटकली, दोर ताठ झाला, आणि आपण अडकलोय हे कळल्यावर ती खरी घाबरली. मागच्या पायांवर बसून सगळं वजन मागं टाकलं, मोरखीचं, म्हणजे तोंडावर बांधायच्या पट्ट्याचं, बक्कल तुटलं, आणि उभ्या केलेल्या मोटारसायकलींच्या मधनं सुसाट उसाच्या कडेला गेली. कुणाला लागलं नाही ही देवाची कृपा. सगळे तिच्यामागं धावायला निघाले, पोरीनं हात करून थांबवलं, एकटी चालत गेली, तिच्याकडं तोंडसुद्धा न करता बाजूला उभी राहिली, आणि दोनतीन मिनिटांनी घोडीच तिच्याजवळ आली. मी मानेवर हात ठेवला तर कातडं थरथरत होतं, माशी बसल्यावर थरथरतं ना तसं, पण थांबतच नव्हतं. डाव्या कानामागं दोरानं दोन बोटं सोललं होतं. आठवडाभर मोरखी घालताना ती बाजू चुकवायची.

तेव्हापासून टेम्पोत चढायला नको म्हणतेय. पुढचे दोन पाय फळीवर ठेवते आणि तिथंच खिळते.

आता पाच आठवडे राहिलेत आणि घरात तीन मतं आहेत. सर म्हणतात घेऊन चला, एकदा रिंगमध्ये गेली की सुटेल, घरी बसवून कुणी शिकत नाही. माझे वडील तालमीतले, ते म्हणतात, "पोरग्याला आदी खासबाग मैदान दाखवायचं असतंय, हलगीचा आवाज कानावर पडू द्यायचा असतोय, कुस्तीची जोड मागनं लावायची." आणि पोरगी म्हणते, "पप्पा, मी तिला सांभाळतो, मी वर बसलो की ती माझंच ऐकते." ऐकते हे खरंय. पण ५०० किलोचं जनावर पोटातनं घाबरलं की पंधरा वर्षांच्या पोरीच्या हातात काय राहतं, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितलंय.

मला पोरीची काळजी आहेच, पण तेवढीच घोडीची आहे. बाहेर जाणं म्हणजे भीती असं एकदा तिच्या डोक्यात पक्कं बसलं तर पुढं आयुष्यभर तिला ते काढावं लागेल आणि त्याला कारण आम्ही असू. तर मला विचारायचंय ते हे की नावं दिलीत म्हणून उतरवायचंच, का नुसतं नेऊन दाखवून आणायचं? पाच आठवड्यात खरोखर काय होण्यासारखं आहे? टेम्पोचं काय करू? सध्या ताडपत्री जमिनीवर पसरून त्यावरनं चालवतोय, छत्री उघडझाक करतोय, चंदी म्हणजे दाणा खाताना लांबवर बारीक आवाजात स्पीकर लावतोय. ताडपत्रीवरनं आता बिनघोर जाते. बरोबर चाललंय का?

प्रतिसाद १

दादा, वडिलांचं ऐका. मी बावीस वर्षं रायडिंग स्कूलमध्ये घोडी तयार केली, नवख्या घोड्याला पहिल्या वेळी मी कधीच क्लासमध्ये उतरवलं नाही. नुसता फिरवून आणायचा. आयोजकांना आधी फोन करून विचारा, स्पर्धेत न उतरता घोडा आणू देता का, बरेच जण देतात. एंट्रीचे पैसे गेले समजा, घोडी राहिली.

आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचा. गर्दी नसताना हातानं धरून सगळं ग्राउंड दाखवा, जिथं थांबून बघेल तिथं बघू द्या, ओढू नका, फटका तर अजिबात नको. डोकं खाली घालून गवताला तोंड लावलं की समजायचं निवळली. दुसऱ्या दिवशी पोरीनं वर बसून वॉर्मअपच्या, म्हणजे स्पर्धेआधी घोडी मोकळी करायच्या मैदानाच्या, कडेकडेनं चालवायचं, जमलं तर थोडी दुडकी, आणि घोडी शांत असतानाच बाहेर काढायची. "अजून एक राउंड" म्हणून थांबलात की तिथंच बिघडतं. वॉर्मअपमध्ये समोरनं येणाऱ्याला डावा खांदा डाव्या खांद्याला ठेवून जायचं, पुढच्या घोड्याच्या मागं एक घोडाभर तरी अंतर, आणि शेपटीला हिरवी रिबीन बांधा म्हणजे घोडा नवखा आहे हे लोकांना कळतं. लाल रिबीन दिसली तर लांब राहा, तो लाथ मारणारा.

बांधायचं चुकलं तुमचं, रागावू नका. लोखंडाला थेट कधी बांधू नये. कडीला सुतळीचा फास करायचा आणि दोर त्या सुतळीला, म्हणजे जोर आला की सुतळी तुटते, घोडीची मान नाही. आणि दोर हाताला गुंडाळायचा नाही हे पोरीला दहा वेळा सांगा.

टेम्पोचं असं की उजेडातनं अंधारात गेल्यावर घोड्याच्या डोळ्याला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो, त्याला आत नुसतं काळं भोक दिसतं. टेम्पो असा लावा की आत उजेड जाईल, खाली रबरी मॅट टाका म्हणजे फळी वाजणार नाही. रोजची चंदी फळीवर, मग दारात, मग आत. दार लावायची घाई नको, आठ दिवस नुसतं चढून खाऊन उतरू दे.

स्पीकरचं बरोबर चाललंय. फक्त आवाज वाढवायची घाई करू नका. खाणं थांबवून कान तिकडं वळवले की तेवढ्यावरच ठेवायचा, पुन्हा खायला लागली की मग पुढं.

प्रतिसाद २

मी व्हेट म्हणजे जनावरांची डॉक्टर आहे, वरचं सगळं पटलं, माझ्या बाजूचं सांगते. कानामागं सोललं तेव्हा धनुर्वाताचं इंजेक्शन झालं होतं का? घोड्याला धनुर्वात फार पटकन होतो, नसेल तर आजच डॉक्टरांना गाठा. शोला न्यायच्या आधी ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी लागते, रिपोर्ट यायला वेळ लागतो, म्हणून रक्त याच आठवड्यात द्या. हा रोग माणसालाही होतो, त्यामुळं याला फॉर्मॅलिटी समजू नका. घोडी माजावर कधी येते तेही कॅलेंडरवर लिहून ठेवा, साधारण २१ दिवसांचं चक्र असतं, आणि तिथं मारवाडी घोडे खिंकाळत असताना ही नेमकी माजावर असेल तर पोरीचे हाल होतील.

कोल्हापूर ते पुणे घोडा घेऊन पाचसहा तास धरा. मान खाली घालता येईल इतका दोर सैल ठेवा, तासन् तास मान वर बांधून राहिली की कफ खाली उतरत नाही आणि छाती भरते. वाटेत कराड-साताऱ्याच्या दरम्यान थांबून पाणी दाखवा, पुढ्यात सुकं गवत कायम. नव्या जागेचं पाणी घोडी पीत नाहीत, आणि पाणी तुटलं की पोटशूळ. आठवडाभर आधीपासून घरच्या बादलीत थोडा गूळ विरघळवून द्या, तिथंही तोच गूळ टाका, चव तीच लागते. तुमच्याकडं गुळाला काय तोटा! हरभरा मात्र शोच्या तोंडावर वाढवू नका. घरी शांत असताना ताप आणि ठोके मोजून लिहून ठेवा, ताप साडेसदतीस ते साडेअडतीस आणि ठोके मिनिटाला २८ ते ४४ असतात, तिथं काही वाटलं तर पडताळायला उपयोगी पडतं.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार, ताई धनुर्वाताचं त्याच दिवशी झालं होतं, ग्लँडर्सचं रक्त परवा दिलं.

बारा दिवसांचं सांगतो. टेम्पो पूर्वेला तोंड करून लावला, पुढची झडप उघडली, सकाळचं ऊन आत पडतं. पाचव्या दिवशी चांदणी चारी पायांनी आत गेली आणि चंदी संपेपर्यंत उभी राहिली. काल दार लावून वडणगे फाट्यापर्यंत जाऊन आलो, घाम नाही, थरथर नाही. पोरीला पुण्यात स्पर्धा नाही हे सांगितलं तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच येऊन म्हणाली, "हिरवी रिबीन मी आणलोय." आयोजकांनी घोडी नुसती आणायला हरकत नाही म्हणून सांगितलंय.

रविवारी पहाटे शिवाजी पुलावरनं रंकाळ्याला नेलं, सोबत शेजाऱ्यांचा म्हातारा घोडा घेतला, तो लग्नाच्या वरातीत बँड आणि फटाके बघून बघून मुरलाय. फिरायला आलेली माणसं, सायकली, कुत्री, काही वाटलं नाही. फुगेवाला आला तेव्हा चांदणी थांबली, मान उंच, नाकपुड्या फुगल्या, कानांची टोकं अगदी एकमेकाला चिकटली. पोरगी काही बोलली नाही, दोर सैल ठेवून उभी राहिली. म्हातारा शेजारी गवत खात होता. चांदणीनं आधी फुग्यांकडं बघितलं, मग त्याच्याकडं, मोठा फुरफुरून श्वास सोडला आणि ती पण खाली वाकली.

पण आता नवीनच अडचण झालीय. म्हाताऱ्याला पाणी पाजायला वीसेक पावलं लांब नेलं तर हिनं खिंकाळून सगळा रंकाळा जागा केला आणि जागेवर गोल गोल फिरायला लागली, तो परत दिसला तेव्हाच थांबली. पुण्याला त्याला न्यायचं पक्कं केलं होतं, आता विचारात पडलोय, तिथं काही कारणानं दोघं वेगळी झाली तर काय? आतापासून घरी रोज थोडं थोडं लांब करत नेऊ, का त्याला न्यायचंच नको? पोरगी रोज विचारतेय, लवकर सांगा.