गॅलेक्सींच्या मधल्या रिकाम्या जागेत चुंबकीय क्षेत्र कुठून आलं?

रात्रपाळी:
विज्ञान दिनाला पोराला घेऊन खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघायला गेलेलो. ४५ मीटरची ती तारांच्या जाळीची डिश, खाली उभं राहिलं की जाळीतून आभाळ दिसतं. तिथल्या ताईंनी सांगितलं की लांबच्या गॅलेक्सीसमूहांतून ज्या रेडिओ लहरी येतात त्यातल्या बऱ्याच, इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेतात म्हणून येतात. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. पृथ्वीच्या पोटात पातळ लोखंड फिरतंय हे कळतं, पण तिकडे लोखंड कुठंय? आणि मोजतात कसं?

ध्रुवमत्स्य:
लोखंड नाही लागत हो, वीज वाहून नेणारं काहीतरी लागतं, आणि तिकडचा विरळ वायू म्हणजे प्लाझ्माच, सुटे इलेक्ट्रॉन नि प्रोटॉन. गॉस हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक, पृथ्वीचं क्षेत्र साधारण अर्धा गॉस, गॅलेक्सीत नि समूहांत गॉसच्या काही दशलक्षांश. मोजायची युक्ती मला फार आवडते. मागच्या एखाद्या रेडिओ स्रोताची पोलराइज्ड, म्हणजे ठरावीक दिशेनं कंप पावणारी, लहर त्या प्लाझ्मातून येताना तिच्या कंपनाची दिशा हळूहळू वळते, तरंगलांबी दुप्पट केली की वळण चौपट. मग एकच स्रोत वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला बघायचा आणि वळण किती फरकानं वाढतंय त्यावरून मधलं क्षेत्र काढायचं, अर्थात इलेक्ट्रॉन किती आहेत त्याचा अंदाज हाताशी असावा लागतो.

सांजतारा:
समूहांच्या बाहेरही सापडलंय. २०१९ मध्ये लोफार दुर्बिणीनं एबेल ३९९ आणि एबेल ४०१ या दोन समूहांना जोडणारा रेडिओ पट्टा पकडला, अंतर जवळपास १ कोटी प्रकाशवर्षं!

रात्रपाळी:
बापरे. पण जिथं गॅलेक्सीच नाहीत, त्या मोठ्या पोकळ्यांत?

ध्रुवमत्स्य:
तिथं जे दिसलं नाही त्यावरून कळलं. ब्लेझार म्हणजे जिच्या मधल्या महाकाय कृष्णविवराचा झोत आपल्याकडे रोखलेला असतो अशी गॅलेक्सी, तिच्याकडून येणारे खूप ताकदीचे गॅमा किरण वाटेत ताऱ्यांच्या जुन्या उजेडाला धडकतात, इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (त्याचा धन भाराचा जुळा) यांची जोडी होते, आणि ती जोडी वैश्विक पार्श्वप्रारणाला, म्हणजे महास्फोटानंतर उरलेल्या मंद प्रारणाला, ढकलून कमी ताकदीचे गॅमा किरण बनवते. हे किरण फर्मी उपग्रहाला दिसायला हवे होते, तेवढे दिसलेच नाहीत. २०१० मध्ये नेरोनोव आणि वोव्क यांनी मांडलं की मधल्या क्षेत्रानं त्या जोड्या बाजूला वळवल्या असणार, म्हणजे निदान १० चा उणे सोळावा घात गॉस एवढं तरी क्षेत्र तिथं पाहिजे.

सांजतारा:
यावर वाद आहे पण. काहींचं म्हणणं, जोड्यांची ऊर्जा प्लाझ्मातल्या खळबळीतच जिरून जात असेल, मग क्षेत्र नसलं तरी चालतं.

रात्रपाळी:
आणि या चुंबकीय क्षेत्राचं पहिलं बीज कुठून?

ध्रुवमत्स्य:
एक मार्ग बियरमान यांनी १९५० मध्ये दाखवला. वायूतला दाब आणि घनता यांची दिशा जुळली नाही की शून्यातून बारीकसं क्षेत्र तयार होतं, मग गॅलेक्सीची घुसळण, म्हणजे डायनॅमो, ते वाढवत नेते. पण पोकळीत घुसळायला आहेच काय? म्हणून बरेच जण म्हणतात ते बीज विश्वाच्या अगदी सुरुवातीचंच असावं. पुण्यातच, आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत, सुब्रमण्यन सरांनी यावर कितीतरी वर्षं काम केलंय. मला स्वतःला सुरुवातीचं बीज जास्त पटतं, पण वर सांजतारानं काढलेली शंका सुटेपर्यंत पैज नाही लावणार.